फ्रिजच्या मधल्या कप्प्यात पॉवर सप्लाय

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६. सकाळी सहाला हवा १६ अंश. दूध ६.१०. लिफ्ट बंद. गुरुदत्तरावांचे डायलिसिस चुकले. लिफ्ट १०.०५ ला कोणी हात न लावता सुरू. रत्नदीपला सात फोन केले. एकही उचलला नाही. जेवणात दोडका, भाकरी.

ही नोंद माझ्या डायरीतली आहे, जशीच्या तशी. नौपाड्यात शाळेत असताना सिस्टरांनी सवय लावली की दिवसाचे चार खरे तपशील लिहायचे, मनात काय आले ते नको. तेव्हापासून रोज लिहिते. खिडकीबाहेरचा तापमापक आमच्या ह्यांनी लावला. ते गेले त्याला अकरा वर्षे झाली, पण सकाळचे तापमान लिहिणे सुटले नाही.

डोंबिवली पूर्वेला आमची पाच मजल्यांची इमारत आहे. मी चौथ्यावर. माझ्या डोक्यावर गुरुदत्तराव आणि त्यांची बायको आसावरी. गुरुदत्तरावांना आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला डायलिसिसला जावे लागते. साडेसहाच्या आत ते खाली उतरले नाहीत तर तिथली त्यांची खुर्ची दुसऱ्याला मिळते. त्यांना जिना उतरवत नाही. डिसेंबरात एकदा चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवले, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा पाय घसरला. त्यानंतर गुरुदत्तराव म्हणाले, "वहिनी, किडनीने जायचं ठरलंय, जिन्याने नाही." शुक्रवारची पाळी चुकली, शनिवारी जागा नव्हती. सोमवारही चुकला तर थेट भरती करावे लागेल, असे डॉक्टरांनी आसावरीला सांगितले.

आणि हे सगळे ज्याच्यावर अवलंबून होते, तो माणूस फोन उचलत नव्हता.

रत्नदीपबद्दल लिहायचे म्हणजे आधी हेच लिहायला हवे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. एकोणपन्नास वर्षांचा बाप्या आहे. पण चिडून 'ते' लिहिता येत नाही, म्हणून इथे 'तो'. लिफ्टच्या कंपनीने सांगितले होते की आख्खे पॅनेल नऊ वर्षांचे जुने झाले, नवीन बसवायला महिना लागेल. मग कुणा मेकॅनिकने रत्नदीपचे नाव सुचवले. राहायला आंबिवलीला, दुकान कल्याणला एका जिन्याखाली. बोर्ड बदलून न देता बोर्ड दुरुस्त करून देणारी जी थोडी माणसे उरली आहेत, त्यांतला तो एक.

तो दोनदा येऊन गेला होता. ३ डिसेंबरला आणि १९ डिसेंबरला. दोन्ही वेळा दुपारी बाराला, कारण त्याआधी त्याला वेळ नसतो. दोन्ही वेळा लिफ्ट छान चालू होती. पहिल्यांदा त्याने वायरी घट्ट केल्या, दुसऱ्यांदा पंखा बदलला, आणि दोन्ही वेळा जाताना मला म्हणाला, "काकू, मला तर चालूच दिसते."

"सकाळी बंद असते."

"कोणाच्या सकाळी?"

आमच्या सेक्रेटरी मृणाल बँकेत असतात आणि थेट बोलतात. त्या म्हणाल्या, "काकू, हा आपल्याला बनवतोय. तिसऱ्यांदा नको बोलवायला." मी म्हटले, कंपनीच्या महिन्यापेक्षा याची दुपार बरी.

रविवारी तो आला. पावणेबाराला. दारातूनच म्हणाला, "सात मिस्ड कॉल. कुणी गेलं की काय, वाटलं."

"जाण्याच्या बेतात आहे. तुम्ही फोन का उचलत नाही?"

"एक हात बोर्डवर असतो."

"आणि दुसरा?"

"खिशात."

मला वाटले थट्टा करतो आहे. मी डायरी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली आणि १ डिसेंबरपासूनच्या लिफ्टच्या नोंदी काढून दिल्या. बाकीचा मजकूर फूटपट्टीने झाकला होता. डायरी ही वाचनालयातली वस्तू नाही. त्याने चष्मा लावला, चार पाने वाचली आणि सरळ फूटपट्टी बाजूला सरकवली.

"हे १६, १९ काय आहे?"

"हवा. सकाळचे तापमान. तो तुमचा विषय नाही."

"काकू, हाच माझा विषय आहे. बघा. वीसच्या वर आहे त्या दिवशी लिफ्ट सहाला चालू. सोळा आहे त्या दिवशी दहा वाजले. अठरा, तर साडेआठ." त्याने बोटाने ओळी मोजल्या. "हे आधी का नाही दाखवलं?"

"तुम्ही विचारले नाहीत."

"ऊन आलं की मशीन रूम तापते, मग चालू होते. पण सकाळी गार व्हायला ती आधी बंद पाहिजे. पॅनेलला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय चालू असला की गार नसतो. रात्री कोणी बंद करतं का ही लिफ्ट?"

मृणाल तेव्हा तिथेच बसल्या होत्या. "हो, रोज. अकराला वॉचमन सखाराम मेन पाडतो, साडेपाचला टाकतो. ठराव आहे सोसायटीचा. वीज वाचते."

"कधीपासून?"

मला उत्तर माहीत होते, पण त्याने तोवर पाने उलटली होती. रविवार, ९ नोव्हेंबर. वार्षिक सभा. 'माझी सूचना: रात्री लिफ्ट मेनमधून बंद ठेवावी. एकमताने मंजूर.' माझ्याच सुवाच्य अक्षरात. आमच्या शाळेत वर्गातून शेवटी निघणाऱ्या मुलीने दिवा मालवायचा असे. न मालवणारीला संध्याकाळपर्यंत उभे करत. मी आजही टीव्ही, मिक्सर, चार्जर, सगळे भिंतीवरच्या बटणाने बंद करून झोपते. लिफ्ट तेवढी राहिली होती.

"नऊ वर्षं याला कुणी झोपवलंच नव्हतं," रत्नदीप म्हणाला. "लाईट गेली तरी दहा-वीस मिनिटं. मग उठता येत नाही, हे कळणार कसं? तुम्ही झोपवायला लागलात आणि कळलं."

मृणालनी नुसते माझ्याकडे आणि मग डायरीकडे पाहिले. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मग त्याने वर जाऊन जे केले, त्याने मी आणखीच चिडले. लिफ्टचा सप्लाय काढून तो खाली घेऊन आला. पोळीच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी. आता लिफ्ट पूर्णच बंद. आजवर निदान दहाला तरी सुरू होत होती. आसावरीकडे आजारी माणूस, तिथे डागकामाचा धूर नको, म्हणून माझे जेवणाचे टेबल. मी वर्तमानपत्र अंथरेपर्यंत त्याने कथिलाचा एक थेंब टेबलावर पाडलाही होता. तो अजून आहे.

पेटी उघडून आतला बोर्ड त्याने दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा काढून बांधला आणि विचारले, "फ्रिज कुठे?"

"कशाला?"

"मला थंडीतली सकाळ पाहिजे. दुपारी बारा वाजता ती तुमच्या फ्रिजमध्येच आहे."

मधल्या कप्प्यात दह्याचे पातेले होते. ते ओट्यावर आले आणि लिफ्टचा सप्लाय आत गेला. तासभर आता काही करायचे नव्हते. मी चकल्यांचा डबा पुढे ठेवला, आणि तो संपवता संपवता जे बोलला त्यावरून मला त्याची हकीकत कळली. आंबिवलीला वडील कारखान्यात कामगार. कारखाना बंद पडला तेव्हा रत्नदीप आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होता. मग ठाण्यात टीव्हीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तेरा वर्षे नोकरी. सेंटरने ठरवले की आता दुरुस्ती नाही, फक्त बोर्ड बदलायचा. "मला म्हणाले, स्क्रू चार काढायचे, चार लावायचे. मी बोललो, ते तर माझी रचनापण करेल." रचना म्हणजे त्याची बायको, ती शाळेत शिकवते आणि घरात इस्त्री बिघडली तर तीच दुरुस्त करते, कारण हा सहा महिने करत नाही.

खिशातल्या हाताचीही थट्टा नव्हती. सर्व्हिस सेंटरमध्ये असताना एकदा दोन्ही हात बोर्डवर होते, एकात मीटरची पिन, दुसऱ्याने पत्रा धरलेला. धक्का एका हातातून शिरला, दुसऱ्यातून निघाला. "मध्ये छाती येते ना काकू." डाव्या तळव्यावर जळल्याचा पांढरा व्रण त्याने दाखवला. तेव्हापासून डावा हात खिशात, आणि फोन त्याच खिशात, हाताखाली वाजत राहतो.

"मग वाजल्यावर हात बाहेर काढून उजवा बाजूला ठेवायचा आणि बोलायचे," मी म्हणाले. "इतके सोपे आहे."

"मग काम कोण करणार?"

तासाने बोर्ड बाहेर आला. त्याने तो पुसला आणि मांडामांड केली. विजेच्या बाजूला, बोर्डच्या आधी, जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब जोडायचा असतो. आत कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब भरून पेटतो आणि बोर्ड वाचतो. पिशवीत हात घातला तर त्याचा बल्ब फुटलेला. असले बल्ब आता दुकानात मिळत नाहीत. माझ्या माळ्यावर दोन होते, खोक्यावर तारीख घातलेले. पहिल्यांदाच तो माझ्याकडे जरा आदराने पाहत आहे असे वाटले. दुसऱ्या बाजूला, लिफ्टच्या जागी, त्याने ट्रकच्या हेडलाइटचा चोवीस व्होल्टचा बल्ब लावला. डावा हात खिशात घातला आणि बटण दाबले.

माझा पिवळा बल्ब एकदा चमकून मंदावला. ट्रकचा बल्ब नुसता लुकलुकला आणि विझला. आणि बोर्डमधून आवाज आला. टिक. थोड्या वेळाने पुन्हा टिक. पुन्हा टिक.

"उचकी," रत्नदीप म्हणाला, आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा हसला. "हीच. मला दुपारी कधी ऐकूच नाही आली."

"हसू नका. कसली उचकी ते सांगा."

त्याने सांगितले, आणि मी मध्येमध्ये थांबवून समजून घेतले. पूर्वीच्या रेडिओत लोखंडाचा जड ट्रान्सफॉर्मर असे, आणि पुढे जास्तीचे व्होल्ट अडवून धरले जात. अडवायचे म्हणजे तापायचे, निम्मी वीज उष्णतेत. यात अडवणे नाही. घरातली वीज आधी एकाच दिशेची करून मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे एका टाकीत, साठवायची. तिथे तीनशेच्या वर व्होल्ट असतात. तिच्या तोंडाशी एक ट्रान्झिस्टर, तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधी नाही. "पूर्ण उघडा असला तर अडवणूक नाही. पूर्ण बंद, तर वाहतच नाही. भांडण अर्धवट उघड्यात होतं, तिथे गरम होतं." हे उघडणे-मिटणे सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा. इतक्या वेगाने तुकडे पाडले की ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा पुरतो. पलीकडे ते तुकडे पुन्हा गुळगुळीत करायचे, आणि किती व्होल्ट झाले त्याचा निरोप मागे पाठवायचा, की जास्त वेळ उघड, कमी वेळ उघड. निरोपाला तार नसते. एका काळ्या तुकड्यात बारीक दिवा लागतो, समोरचा डोळा तो पाहतो. "म्हणजे तीनशे व्होल्ट इकडून तिकडे जाऊ नयेत. लिफ्टच्या बटणाला बोट लावणारा माणूस तिकडे असतो."

"हे सगळे चालवतो कोण?"

"ही चिप. पण हिलाही वीज लागते, आणि ती वीज हिनेच चालवलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून येते. मग पहिली वीज कुठली? हा छोटा कपॅसिटर. थेंबथेंब भरतो. सोळा व्होल्ट झाले की चिप जागी होते आणि साठवलेलं खायला लागते. ते संपायच्या आत ट्रान्सफॉर्मर चालू झाला, तर मग तो तिला पोसतो. हा कपॅसिटर आतून सुकलाय. गार असला की साठवतो पण देत नाही. चिप उठते, पुरत नाही, झोपते. पुन्हा भरतो, पुन्हा उठते. टिक, टिक."

"म्हणजे स्टोव्हचा काकडा," मी म्हणाले.

"काय?"

"पंपाचा स्टोव्ह. आधी काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला लावायचा. बर्नर तापला की स्टोव्ह स्वतःच्या उष्णतेवर चालतो. स्पिरिट कमी पडले तर बर्नर तापायच्या आत काकडा विझतो, भपका येतो, पुन्हा पहिल्यापासून. मी बारा वर्षे तेच केले आहे."

"मी दुकानातल्या पोरांना इतकी वर्षं शिकवतो," तो म्हणाला, "हे नाही सुचलं." मग त्याने माझ्या नातीचा विसरलेला केस वाळवायचा ड्रायर मागितला आणि गरम वारा फक्त त्या शेंगदाण्याएवढ्या कपॅसिटरवर सोडला. टिक, टिक, आणि ट्रकचा बल्ब भक्कन लागला. माझे स्वयंपाकघर पांढरे झाले.

मी म्हटले, चला, आता नवीन लावा. तर नवीन नव्हता. म्हणजे होता, पण ८५ अंशांपर्यंतच टिकणारा. त्या जागेला शेजारच्या गरम पत्र्याची धग लागते, तिथे १०५ अंशांचाच हवा, आणि तो कल्याणच्या दुकानात.

"हा लावला तर काय होईल?"

"दोन वर्षांत परत सुकेल."

"दोन वर्षे चालतील. मला सोमवार हवा आहे."

"मला नाही चालणार," तो म्हणाला आणि चपला घालून निघाला. तीन वाजून दहा मिनिटे.

साडेतीनला आसावरी खाली आली. चारला पुन्हा. "मंदाताई, आला का?" साडेचारला मी तिच्याबरोबर वर गेले. गुरुदत्तराव स्टुलावर पाय ठेवून बसले होते. पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजलेले, बोट लावले तर खळगा राहत होता. दिवसाच्या पाण्याची त्यांची अर्धी बाटली खिडकीत, तीवर आसावरीने पेनाने खुणा केलेल्या. त्यांना मी सगळी हकीकत सांगितली, माझ्या ठरावासकट. ते लपवून उपयोग नव्हता; मृणाल होत्याच.

"म्हणजे माझं पाणी आटत नाही आणि लिफ्टचं आटलंय," ते म्हणाले. दम लागत होता, मध्ये थांबले. "आणि वहिनी, दोन्हींच्या मागे तुम्ही नाही ना?"

आसावरी त्यांना रागावली. मी रागावले नाही.

पाच चाळीसला रत्नदीप आला. खिशातून कागदाची पुडी काढली, तीत एक कपॅसिटर. मी फोन दोनदा केला होता, त्याने उचलला नव्हता. दोन्ही हात तेव्हा रिक्षात मोकळे होते. जोडकाम दहा मिनिटांचे. मग पुन्हा पिशव्या, पुन्हा फ्रिज, पुन्हा तासभर. सातला बटण दाबले. टिक नाही, काही नाही, ट्रकचा बल्ब एकदम लागला. त्याने पाच वेळा बंद-चालू करून पाहिले. साडेसातला सप्लाय वर बसला आणि लिफ्ट खाली-वर फिरली.

"आज रात्री चालूच ठेवा," मृणाल म्हणाल्या. "उद्या काकांना जायचंय, प्रयोग नको."

"नाही. अकराला बंद करा, रोजच्यासारखी."

"अहो, फ्रिजमध्ये बघितलंत ना तुम्ही?"

"फ्रिज म्हणजे गच्ची नाही. मी साडेपाचला इथे असतो. नाहीच उठली तर ड्रायर लावून उठवतो. पण आज चालू ठेवली आणि मंगळवारी चार तास लाईट गेली, तर बुधवारी परत तेच."

मला त्याला दोन शब्द सुनवायचे होते. दिवसभर तो मला सोमवारपेक्षा मोठ्या गोष्टी सांगत होता. पण निर्णय ना त्याचा होता ना माझा. आसावरी वर विचारून आली. "हे म्हणतात, बंद करा. म्हणाले, मला बुधवारीही जायचंय आणि शुक्रवारीही. रोज पहाटे उठून हिचा आवाज ऐकत बसायचं नाही."

सोमवारी पहाटे हवा १४. या वर्षीची सर्वांत गार सकाळ. सव्वापाचला मी शाल घेऊन, टॉर्च लावून गच्चीवर गेले आणि मशीन रूमच्या दाराला कान लावून उभी राहिले. साडेपाच झाले. रत्नदीप आलेला नव्हता. अर्थातच. मी फोन केला. अर्थातच. खाली सखारामला फोनवर म्हटले, टाक मेन. आतून एकच खट्ट ऐकू आले, आणि मग पंखा. मी पूर्ण पाच मिनिटे मोजली. टिक एकदाही नाही.

सहा वीसला गुरुदत्तराव लिफ्टने उतरले. आसावरीने त्यांच्या पायांत मोठ्या मापाच्या चपला घातल्या होत्या. फाटकाशी रिक्षा थांबलेली, आणि तिच्यातून कोण उतरावे, तर रत्नदीप. आंबिवलीला वेळेवर रिक्षा मिळाली नाही म्हणे. त्याच रिक्षात आम्ही गुरुदत्तरावांना बसवले.

"ड्रायर लागलाच नाही," गुरुदत्तराव त्याला म्हणाले. "मला केस असते तर मी वापरला असता."

रत्नदीपला मात्र आम्ही त्याच्याशिवाय लिफ्ट चालू केली याचाच राग आला होता. "कोणी ऐकलं? किती टिक झाले?"

"एकही नाही. मी दाराशी होते."

"नक्की?"

"लिहिलेले आहे," मी म्हणाले. "वर या, चहा घ्या. आणि तो फोन त्या खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवा."

त्याने ठेवला. बुधवारी फोन करून पाहणार आहे.

सोमवार, १२ जानेवारी. हवा १४. लिफ्ट ५.३० ला पहिल्या झटक्यात. गुरुदत्तराव ६.२० ला गेले, ११.५० ला परत. रत्नदीप चहा, दोन बशा पोहे. काल दही दिवसभर ओट्यावर राहून आंबट झाले होते. संध्याकाळी कढी केली.